भाटीच्या मुलखातील ताहिरपूर

मेघालयातील खासी डोंगरांची रांग दक्षिणेकडे उतरत येते ती हळूहळू, टप्प्याटप्प्याने नव्हे. ती एकाएकी तुटते, आणि तिच्या पायथ्याशी, जणू डोंगराला मैदानाची सवय होऊ देण्याइतकीही उसंत न घेता, समुद्रसपाटीपासून अवघ्या तीन-चार मीटर उंचीचा एक विस्तीर्ण खोलगट प्रदेश सुरू होतो. या तुटलेल्या कड्याला भूगर्भशास्त्रज्ञ डाउकीचा प्रस्तरभंग म्हणतात. त्याच्या उत्तरेस जमीन उचलली गेली आणि दक्षिणेस ती खचत गेली, व आजही खचते आहे. त्यामुळे सागर अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर असूनही येथील भूमी सागरतीरावरच्या भूमीइतकीच सखल राहिली. बांगलादेशाच्या ईशान्य कोपऱ्यातील सुनामगंज जिल्ह्याचा ताहिरपूर हा उपजिल्हा नेमका या कड्याखाली वसलेला आहे. क्षेत्रफळ सव्वातीनशे चौरस किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान तालुक्याएवढे. २०११ च्या जनगणनेनुसार वस्ती दोन लाखांहून थोडी अधिक. ग्रामशासनाचे घटक, ज्यांना तेथे युनियन म्हणतात, ते सात. परंतु हे आकडे वाचून कोणी ताहिरपूरचे चित्र मनाशी रेखाटू लागेल तर त्याला प्रथम एक प्रश्न विचारावा लागेल : चित्र कोणत्या महिन्याचे?

पौष-माघात येणाऱ्या प्रवाशाला दृष्टी पोहोचेल तेथपर्यंत कोवळ्या भाताचे हिरवे पटांगण दिसेल, त्यामधून मोटारसायकलींनी तुडवून पाडलेल्या धुळीच्या वाटा दिसतील, आणि मधूनमधून, सपाटीवर उगाच रचून ठेवल्यासारखे वाटणारे, दहा-पंधरा फूट उंचीचे मातीचे उंचवटे व त्यांवर खेटून खेटून बांधलेली घरे दिसतील. घरांना अंगण नाही, दोन घरांत बोळ नाही, आणि भोवती एवढे मोकळे रान असताना माणसांनी इतकी दाटी का करावी हे त्याला उमगणार नाही. तोच प्रवासी आषाढात परतला तर ते पटांगण पंधरा-वीस फूट पाण्याखाली गेलेले असेल, वाटांवरून नावा चालत असतील, आणि ती दाटीची घरे आता बेटे होऊन राहिलेली असतील. या बेटांना तेथे हाटी म्हणतात. त्यांची माती माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावरून वाहून घातलेली आहे, म्हणूनच तिचा एक हातभर तुकडाही अंगणासाठी मोकळा सोडणे कोणाला परवडत नाही. वारा सुटला की मोकळ्या पाण्यावर ज्या लाटा उठतात त्यांना आफाल हे नाव आहे. त्या रात्रभर हाटीची कड खात राहतात, आणि बांबूचे कूड व चाइल्या नावाचे गवत यांचा थर देऊन ती कड राखणे हे प्रत्येक कुटुंबाचे पावसाळ्यातील नित्यकर्म असते. पावसाळ्यात नाव आणि हेमंतात पाय, असे तिकडचे लोक आपल्या दळणवळणाचे वर्णन करतात, आणि ते अक्षरशः खरे आहे.

या खोलगट जलभूमीला हाओर म्हणतात, आणि अशा साऱ्या सखल मुलखाला भाटी. सुनामगंज, सिल्हेट, हबीगंज, मौलवीबाजार, नेत्रकोना, किशोरगंज आणि ब्राह्मणबारिया या सात जिल्ह्यांत मिळून ३७३ हाओर शासनाने नोंदलेले आहेत. हाओर म्हणजे एकसंध तलाव नव्हे. हेमंतात पाणी ओसरले म्हणजे त्याच्या पोटातील वेगवेगळी अंगे उघडी पडतात : सर्वांत खोल भागी बारमाही पाणी राहते ते बिल, बिलांच्या मधून वर येणाऱ्या उंचट पट्ट्या त्या कांदा, ज्यांवर गुरे चरतात आणि हिजल व करच यांची झाडे उभी असतात, आणि या दोहोंच्या मधली उतरती भूमी ती शेतीची. करच म्हणजे आपला करंजच. आणि हिजल म्हणजे संस्कृत काव्यातील निचुल, आपल्या वैद्यांचे समुद्रफळ. ही दोन्ही झाडे महिनोन्‌महिने कमरेपर्यंत, कधी गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहूनही कुजत नाहीत. ताहिरपूरच्या वाट्याला शनिर हाओर आणि माटियान हाओर हे दोन मोठे शेतीचे हाओर आले आहेत, आणि पश्चिमेच्या बाजूस, शेजारच्या मध्यनगर उपजिल्ह्याबरोबर वाटून घेतलेला, सुमारे शंभर चौरस किलोमीटर विस्ताराचा टांगुआर हाओर. नऊ कोडी कांदा आणि सहा कोडी बिले, असे त्याचे मोजमाप लोकांच्या तोंडी आहे.

उत्तरेकडून येणारे पाणी हेच या मुलखाचे ऐश्वर्य आणि हेच त्याचे अरिष्ट. पृथ्वीवरील सर्वाधिक पर्जन्याचे स्थान म्हणून ज्याची ख्याती आहे ते मौसिनराम ताहिरपूरपासून हवाई अंतराने पन्नास किलोमीटरांच्या आसपास आहे. तेथे वर्षाकाठी सरासरी अकरा हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. डोंगरावर पडलेल्या पाण्याला खाली येण्यास दिवस लागत नाहीत, तास लागतात. पश्चिम खासी डोंगरातील किंशी नदी सीमा ओलांडताच जादुकाटा होते आणि ताहिरपूरच्या उत्तर सीमेवर लाउडेरगड येथे मैदानात उतरते. बरोबर ती वाळू, गोटे आणि चुनखडीचे दगड आणते. तिचे पाणी पुढे रक्ती, पाटलाई, बौलाई अशा प्रवाहांतून हाओरांत पसरते. आषाढात हे पाणी आले तर ते अपेक्षितच असते, त्याचे स्वागतही होते. कारण त्याच्याबरोबर गाळ येतो आणि मासळीची वीण येते. पण तेच पाणी दोन महिने आधी, चैत्राच्या अखेरीस आले तर शेतात उभे असलेले वर्षातील एकमेव पीक बुडते. कार्तिक-मार्गशीर्षात रोपे टाकायची, पौष-माघात लावणी करायची आणि चैत्राच्या शेवटापासून वैशाखभर कापणी करायची असे हे बोरो भाताचे पीक. दुसरे पीक येथे नाहीच. सुनामगंज जिल्ह्यात दोन लाखांहून अधिक हेक्टर भूमीवर ते घेतले जाते. ताहिरपूरचे सारे अर्थकारण, सारी सावकारी, सारी लग्ने आणि सारे खटले या एका पिकाच्या चैत्रातील पंधरा-वीस दिवसांवर टांगलेले असतात. आणि या मुलखाचा कारभार कोणी कसा केला याची परीक्षा करावयाची झाल्यास तीही त्याच दिवसांत केली पाहिजे, असे मला वाटते. नकाशावरच्या हद्दी येथे दुय्यम आहेत. सहा महिने पाण्याखाली राहणाऱ्या हद्दीला महत्त्व येते ते पाणी केव्हा चढते आणि केव्हा ओसरते यावरून. आणि राज्यकर्ते जेव्हा जेव्हा जमिनीचे दफ्तर घेऊन येथे आले, तेव्हा तेव्हा त्यांची गाठ या पाण्याच्या पंचांगाशी पडली.

हा इतिहास जुना आहे. जादुकाटेच्या काठी लाउड नावाचे एक राज्य होते. वैष्णव परंपरेत श्रीचैतन्यांचे ज्येष्ठ सहकारी म्हणून पूजिले जाणारे अद्वैताचार्य यांचा जन्म पंधराव्या शतकात याच लाउडात, नवग्राम येथे, झाला. त्यांचे पिता कुबेर पंडित हे राजा दिव्यसिंहाच्या पदरी मंत्री होते. चैत्रातील वारुणीच्या योगावर जादुकाटेत पणातीर्थाचे स्नान करण्यासाठी आजही लाखो हिंदू भाविक येथे लोटतात, आणि त्याच सुमारास, त्याच नदीच्या काठी, लाउडेरगडाच्या सीमेलगतच्या शाह आरेफिनांच्या स्थानी उरुस भरतो. दोन्ही यात्रांचे लोक एकाच वाटेने, एकाच वाळवंटातून येतात-जातात. या सहवासावर भाष्य करण्याची आवश्यकता ताहिरपूरच्या लोकांना कधी वाटली नाही.

अकबराच्या कारकिर्दीतील आईने-अकबरीत सिल्हेट सरकारचे जे आठ महाल नोंदले आहेत त्यांत लाउड आहे. मात्र नोंद झाली म्हणून वसूल झाला असे नाही. सिल्हेटवर मोगलांचा अंमल खऱ्या अर्थाने बसला तो जहांगिराच्या काळी, इस्लामखान बंगालचा सुभेदार असताना, १६१२ च्या सुमारास. तोवर आणि त्यानंतरही लाउडाच्या राजांकडे मुख्य काम होते ते डोंगराच्या सरहद्दीचे रक्षण करण्याचे, आणि सरकारला त्यांच्याकडून हवे असे ते रोकड रुपयांपेक्षा नावांचे बळ. पुढे लाउडाची गादी दक्षिणेकडे बानियाचंगला गेली; अठराव्या शतकात खासी डोंगरवासीयांच्या हल्ल्यांनी जुनी राजधानी ओस पडली, आणि १७८७ मध्ये कंपनीचे राज्य आलेले असतानाही लाउड व शेजारचे परगणे अशाच एका हल्ल्यात होरपळून निघाले. राजवाड्याचे अवशेष म्हणून आज जे दाखवितात त्या विटांच्या ढिगाऱ्यांवर झाडे माजली आहेत. जुन्या राज्याचे नाव मात्र गडाच्या रूपाने टिकले.

१७६५ मध्ये दिवाणी कंपनीकडे गेली आणि पुढील दशकात रॉबर्ट लिंडसे नावाचा एक तरुण स्कॉटिश गृहस्थ सिल्हेटचा कलेक्टर होऊन आला. ढाक्याहून सिल्हेटला येताना त्याची नाव अशा अफाट जलाशयांतून आली की दिशा राखण्यासाठी समुद्रावरच्याप्रमाणे होकायंत्र काढावे लागले, असे त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. त्या प्रांताचा महसूल तेव्हा कवड्यांत भरला जाई. एका रुपयास पाच हजारांहून अधिक कवड्या हा भाव, आणि लाखो रुपयांच्या जमाबंदीच्या कवड्या साठविण्यासाठी कोठारे व त्या ढाक्यास पोहोचविण्यासाठी नावांचे तांडे लागत. लिंडसेने या अडचणीतून स्वतःचे भाग्य उभे केले. खासी डोंगरातील चुनखडीचा व्यापार त्याने हाती घेतला, आणि सिल्हेटचा चुना पुढील शतकभर बंगालमधील इमारतींच्या भिंतींना लागत राहिला. डोंगर वरच्यांचा, नदी सर्वांची आणि नफा मधल्याचा, हा जो क्रम तेव्हा पडला तो ताहिरपुरात आजवर मोडलेला नाही.

बंगालच्या अन्य जिल्ह्यांत कायमधाऱ्याने मोठमोठे जमीनदार निर्माण केले. सिल्हेटमध्ये मात्र मोजणी करून हजारो लहान मिरासदारांशी थेट बंदोबस्त झाला, आणि त्यामुळे तेथील रयतेच्या ठायी आपल्या खात्याविषयी व दाखल्याविषयी जी एक दक्षता आढळते ती त्या वेळेपासूनची आहे. पण मोजणीची साखळी जेथे पोहोचली नाही, अशा हाओरांच्या तळाशी प्रश्न वेगळाच होता. शेताला बांध असतो, बिलाला नसतो; आणि वर्षाऋतूत बिल, शेत, कांदा व वाट यांचे एकच पाणी होते. मग मासा ज्या घटकेला बिलातून शेतावर आला त्या घटकेला तो कोणाचा? जमीनदाराने बिल इजाऱ्याने दिले असेल तर इजारदार म्हणे, माझा. शेतकरी म्हणे, माझ्या शेतावर आहे म्हणून माझा. कैवर्त आणि मायमाल कोळी म्हणत, हे वाहते पाणी आहे, ज्याच्या हाती जाळे त्याचा. या प्रश्नाचे उत्तर न देताच एकामागून एक सत्ता आल्या आणि गेल्या. सिल्हेट १८७४ मध्ये बंगालमधून काढून आसामला जोडले गेले, १९०५ मध्ये पूर्व बंगाल व आसाम या नव्या प्रांतात गेले, १९१२ मध्ये पुन्हा आसामात आले. सुनामगंजचा महकुमा, म्हणजे उपविभाग, १८७७ मध्ये झाला, आणि ताहिरपूरचे ठाणे १९२४ मध्ये. त्याच दशकांत मैमनसिंगकडून भूमिहीन शेतकऱ्यांचे जथे या पडीत, तापाने पछाडलेल्या मुलखात येऊन वसले. डोंगराच्या पायथ्याला हाजोंग, गारो आणि खासी यांची गावे होती ती राहिली. १९४७ च्या जुलैमध्ये सिल्हेटात सार्वमत झाले आणि करीमगंजचा काही भाग वगळता सारा जिल्हा पाकिस्तानात गेला. ताहिरपूरच्या उत्तरेचा डोंगराचा पायथा, जो तोवर परगण्याची सीमा होता, तो दोन राष्ट्रांची सीमा झाला. डोंगर एका देशात आणि त्याचे पाणी दुसऱ्यात.

१९५० च्या कायद्याने जमीनदारी नष्ट झाली तेव्हा जलमहाल सरकारजमा झाले. लोकांना वाटले, आता बिले आपली झाली. पण जमीनदाराच्या जागी महसूल खाते आले आणि इजाऱ्याचा लिलाव पूर्ववत चालू राहिला; फरक एवढाच की लिलाव कसब्यातील कचेरीऐवजी जिल्ह्याच्या कचेरीत होऊ लागला. इजारदाराची माणसे बंदुका घेऊन पाण्यावर पहारा करीत, आणि बिलापासून कोसभर दूर, बुडालेल्या स्वतःच्याच शेतावर जाळे टाकणाऱ्या माणसालाही चोर ठरवीत. याविरुद्ध सुनामगंजच्या हाओरांत जी चळवळ उभी राहिली ती ‘भासान पानी’ची, म्हणजे तरंगत्या पाण्याच्या हक्काची चळवळ. तिचे नेते बरुण राय हे स्वतः जामालगंजच्या बेहेली गावच्या जमीनदार घराण्यातील. कम्युनिस्ट पक्षात गेलेले, आयुष्याची अनेक वर्षे तुरुंगात काढलेले. त्यांची मागणी मला अतिशय न्याय्य व अतिशय स्पष्ट वाटते : बिलाचा इजारा बिलाच्या काठाशी संपतो, पाणी काठ ओलांडून पसरले की त्या पाण्यावर सर्वांचा हक्क आहे. ‘जाल जार, जला तार’, म्हणजे ज्याचे जाळे त्याचे पाणी, ही घोषणा त्या काळात देशभर पसरली आणि १९८६ मध्ये शासनाने नव्या मत्स्यव्यवस्थापन धोरणात तिचा निदान शब्दांपुरता स्वीकार केला. आज २००९ च्या जलमहाल धोरणानुसार वीस एकरांपर्यंतची बिले उपजिल्ह्याच्या कचेरीतून आणि त्याहून मोठी जिल्ह्याच्या कचेरीतून नोंदणीकृत मच्छीमार सहकारी संस्थांनाच दिली जातात. इजाऱ्याचे वर्ष बंगाली पंचांगाने, वैशाखाच्या पहिल्या दिवसापासून मोजले जाते. संस्था कोळ्यांची असते. परंतु इजाऱ्याची रक्कम आगाऊ भरण्याएवढा पैसा कोळ्यांकडे नसतो, तो ज्याच्याकडे असतो तो संस्थेच्या आडून पूर्वीप्रमाणेच पाण्यावर बसतो, आणि ही गोष्ट कचेरीतील कारकुनापासून काठावरच्या मुलापर्यंत सर्वांना ठाऊक असते.

आता कचेरीविषयी. ताहिरपूरचे गाव बौलाई नदीच्या काठी आहे. पूर्वी तेथे जाणे म्हणजे सुनामगंजहून नावेने जाणे. आता सुरमा नदीवरील पुलामुळे रस्ता झाला आहे, त्यातील काही भाग पावसाळ्यात बुडण्यासाठीच बांधलेला असतो आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा वापरात येतो. उपजिल्हा ही संस्था लष्करशहा एर्शाद यांनी निर्माण केली. १९८२ मध्ये त्यांनी ठाण्यांचे प्रशासकीय पुनर्घटन आरंभिले, पुढल्या वर्षी त्या घटकांना उपजिल्हा हे नाव मिळाले, ताहिरपूरही त्याच वर्षी उपजिल्हा झाला, आणि १९८४ मध्ये सुनामगंज महकुम्याचा जिल्हा झाला. हुकूमशहाने हे लोकशाहीच्या प्रेमापोटी केले असे कोणीही म्हणणार नाही. राजधानीत पाठिंबा नव्हता म्हणून त्याने तो खेड्यांत शोधला. तथापि निवडून आलेल्या अध्यक्षाच्या हाती शेती, मत्स्य, आरोग्य, शिक्षण, अभियांत्रिकी ही सारी खाती एका आवारात आणून बसविणे, ही गोष्ट ताहिरपूरसारख्या दुर्गम मुलखाला वरदान होती. १९९१ मध्ये लोकनियुक्त सरकार आले आणि त्याने ही व्यवस्था रद्द केली. १९९८ मध्ये पुन्हा कायदा झाला, निवडणुका मात्र २००९ च्या जानेवारीत झाल्या; आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये राज्यक्रांतीनंतर देशभरातील उपजिल्हा अध्यक्षांना दूर करून सरकारी अधिकाऱ्यांनाच प्रशासक नेमण्यात आले. सनद द्यायची आणि परत घ्यायची, हा खेळ ताहिरपूरने अनेक राजवटींत पाहिला आहे.

अध्यक्ष असो वा नसो, ज्याच्या सहीशिवाय येथे काही हलत नाही तो उपजिल्हा निर्वाही अधिकारी. त्याच्या हाताखाली भूमीचा सहायक आयुक्त, त्याच्या कचेरीत कानूनगो, नाझर, मोजणीदार. युनियनच्या भूमी कचेरीत बसणाऱ्या कर्मचाऱ्याचे सरकारी पदनाम काहीही असले तरी लोक त्याला अजून तहसीलदारच म्हणतात. मौजा, दाग, खतियान, नामजारी, खास जमीन : या शब्दांचे ज्ञान नसेल तर ताहिरपूरचा माणूस आपलेच शेत गमावून बसतो, कारण येथे शेताची खूण दर वर्षी सहा महिने दिसेनाशी होते आणि कागद तेवढा उरतो.

या अधिकाऱ्याची खरी कसोटी होते ती बांधांवर. हाओरांभोवतीचे मातीचे बांध हे एक विलक्षण बांधकाम आहे. ते पूर रोखण्यासाठी नाहीत, पूर लांबविण्यासाठी आहेत. चैत्र-वैशाखातील अकाली लोंढा मे महिन्याच्या मध्यापर्यंत अडवायचा, तेवढ्यात पीक कापून घ्यायचे, आणि मग बांधांनी खुशाल बुडून जायचे, म्हणजे नावा, गाळ आणि मासे यांना वाट मिळेल. म्हणून त्यांची उंची मुद्दाम कमी ठेवतात. पाण्याखाली राहिलेला बांध प्रतिवर्षी ठिकठिकाणी खचतो, आणि प्रतिवर्षी तो नव्याने बांधावा लागतो. यासाठी सरकारने ठरविलेली मुदत १५ डिसेंबर ते २८ फेब्रुवारी अशी आहे. डिसेंबराच्या आधी भूमी पाण्याखाली असते. फेब्रुवारीनंतर टाकलेली माती बसायला वेळ मिळत नाही. साऱ्या उपजिल्ह्याचा कारभार या अडीच महिन्यांत सामावलेला आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

२०१७ मध्ये तो कोलमडला. बांधांचे काम तेव्हा ठेकेदारांकडे होते, आणि अनेक ठिकाणी माती पडलीच नव्हती किंवा पडली ती शेवटच्या दिवसांत. मार्चच्या अखेरीस डोंगरावर अवेळी पाऊस कोसळू लागला आणि एकेक हाओर बुडू लागला. ताहिरपूरच्या शनिर हाओरच्या शेतकऱ्यांनी मात्र बांध सोडला नाही. गावोगावचे लोक, हिंदू आणि मुसलमान, ज्यांची शेते होती ते आणि ज्यांची नव्हती ते, बांबू, गोणपाटे आणि मातीच्या टोपल्या घेऊन रात्रंदिवस बांधावर उभे राहिले. शेजारचे हाओर बुडून गेल्यावरही आठवड्यांमागून आठवडे त्यांनी पाणी थोपवून धरले. एप्रिलच्या उत्तरार्धात तोही बांध फुटला. मग कच्चे भात पाण्याखाली कुजले, पाणी काळे पडले, मासे पोट वर करून तरंगू लागले आणि ते खाऊन बदके मेली. मेघालयातील युरेनियमच्या खाणींचे विष पाण्यात आले अशी आवई उठली. अणुशक्ती आयोगाच्या शास्त्रज्ञांनी येऊन, पाणी तपासून, तसे काही नसल्याचा निर्वाळा दिला. विष नव्हते, कुजलेल्या पिकाने पाण्यातील प्राणवायू खाल्ला होता. भ्रष्टाचारविरोधी आयोगाने अभियंत्यांवर व ठेकेदारांवर गुन्हे दाखल केले.

याच आपत्तीतून नियम बदलले. ठेकेदारी काढून टाकण्यात आली, आणि बांधाच्या प्रत्येक तुकड्यासाठी ज्यांची शेते त्याच्या आश्रयाने आहेत अशा शेतकऱ्यांची प्रकल्प समिती नेमून, निर्वाही अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली तिच्याकडे काम सोपविण्याचे ठरले. तत्त्व उत्तम आहे, आणि माझ्या मते ते दोनशे वर्षांपूर्वीच सुचायला हवे होते. व्यवहारात समितीवर शेतकऱ्यांऐवजी गावपुढाऱ्यांचे हस्तक येतात, बांधाच्या मुळाशीच माती उकरली जाते, २८ फेब्रुवारी उलटून जाते. २०२२ च्या एप्रिलच्या आरंभी टांगुआरच्या नजरखाली येथील बांध फुटून पीक बुडालेच, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये सारा सुनामगंज अभूतपूर्व महापुरात गेला. तरीही ठेकेदाराच्या काळापेक्षा आजची स्थिती बरी आहे, कारण बांध कोणी बांधला हे आता गावाला माहीत असते.

टांगुआर हाओरची कथा निराळी आहे. हिवाळ्यात उत्तर आशियातून उतरणारी हजारो बदके, काठच्या हिजल-करचांच्या राया, शंभराहून अधिक जातींचे मासे यांमुळे १९९९ मध्ये तो परिस्थितिकीदृष्ट्या संकटग्रस्त म्हणून घोषित झाला आणि २००० च्या जुलैमध्ये, सुंदरबनानंतरचे देशातील दुसरे स्थान म्हणून, रामसर सूचीत गेला. इजारदारीची अनेक दशकांची वहिवाट संपली. २००३ मध्ये जिल्हा प्रशासनाने ताबा घेतला, मॅजिस्ट्रेट आणि सशस्त्र पहारेकरी पाण्यावर आले. काठच्या गावांसाठी पहारेकऱ्याचा गणवेश तेवढा बदलला. पुढे आंतरराष्ट्रीय संस्थांच्या साहाय्याने सहव्यवस्थापनाचा प्रयोग दशकभर चालला, गावांच्या समित्या झाल्या, मासेमारीचे परवाने झाले. साहाय्य आटले तशी व्यवस्थाही आटली. आता पर्यटकांच्या यंत्रनावा येतात, रात्री ध्वनिवर्धक लावतात, प्लास्टिक टाकतात. प्रशासन मधूनमधून बंदीचे आदेश काढते. इजारदार स्वार्थासाठी का होईना, बिल तीन-तीन वर्षे न उपसता मासा वाढू देई, आता तेवढेही कोणी करीत नाही, असे म्हणणारे लोक तेथे आहेत. त्यांचे म्हणणे मला मान्य नाही, परंतु ते का म्हणतात हे समजते : पहारा होता तेव्हा राखण तरी होती, आणि आज हक्कही नाही व राखणही नाही.

उत्तरेच्या सीमेवर कारभाराचे तिसरेच रूप आहे. टेकेरघाट येथे चुनखडीची खाण होती. तिचा दगड छातकच्या सिमेंट कारखान्याला जाई. खाण बंद पडून पाण्याने भरली आणि तिचे निळे तळे झाले. १९७१ च्या मुक्तियुद्धात हेच टेकेरघाट पाचव्या सेक्टरचे एक ठाणे होते. तेथून निघालेल्या जगतज्योती दासांच्या ‘दास पार्टी’ने हाओरातील जलमार्गांवर पाकिस्तानी सैन्याची रसद तोडली, त्या वर्षीच्या नोव्हेंबरात लढताना ते पडले, आणि तळ्याला ज्यांचे नाव दिले आहे ते सिराजही याच आघाडीवरचे हुतात्मे. त्या युद्धात पाण्याची ओळख ज्याला होती तो जिंकत होता. आज त्याच सीमेवरील बडछडा, चारागाव आणि बागली या शुल्कठाण्यांतून मेघालयाचा कोळसा व चुनखडी येते. २०१४ मध्ये भारताच्या हरित न्यायाधिकरणाने मेघालयातील उंदीरबिळांसारख्या खाणींवर बंदी घातली तेव्हा ताहिरपूरच्या हजारो मजुरांचे काम एका आदेशासरशी थांबले. त्या खाणी जीवघेण्या होत्या आणि त्यांचे आम्लयुक्त पाणी नद्या मारीत होते, म्हणून बंदी योग्यच होती. पण ज्यांची पोटे त्यावर होती त्यांचे म्हणणे मांडण्याची सोय त्या न्यायासनासमोर नव्हती, कारण ती माणसे दुसऱ्या देशाची होती. जादुकाटेच्या पात्रातील वाळू व गोटे काढण्याचा इजारा मात्र चालू असतो. पूर्वी मजूर बुडी मारून ‘बारकी’ नावाच्या होडीत हाताने वाळू भरीत, आता यंत्रे आली. काठ ढासळतात, आणि नदी रुंद व उथळ होऊन आणलेली वाळू शेतांवर पसरते.

लाउडेरगड येथे जादुकाटेची जलपातळी मोजण्याचे सरकारी केंद्र आहे. ढाक्याचे पूर पूर्वानुमान केंद्र तेथील आणि सुनामगंजच्या सुरमेवरील नोंदींवरून चैत्र-वैशाखात हाओरांसाठी इशारे काढते. परंतु लाउडेरगडला पाणी चढलेले दिसते तेव्हा शनिर हाओरच्या शेतकऱ्याच्या हाती काही तासच उरलेले असतात. त्याला दोन दिवस मिळायचे असतील तर किंशीच्या खोऱ्यात, डोंगरावर, पाऊस किती पडला हे त्याच दिवशी ताहिरपूरच्या कचेरीत कळले पाहिजे. ती पर्जन्यमापके भारतात आहेत. दोन्ही देशांचा संयुक्त नदी आयोग १९७२ पासून अस्तित्वात आहे, त्याच्या यादीत दोघांच्या सामाईक चोपन्न नद्या आहेत, आणि त्याची बहुतेक वर्षे गंगा व तिस्ता यांच्या वाटणीच्या वादात गेली. जादुकाटेच्या बाबतीत वाटणीचा वाद नाही. येथे पाणी कोणी कोणाकडे मागत नाही. चैत्रात मौसिनराम, मौकिरवत आणि नोंगस्टाइनच्या डोंगरांवर पडणाऱ्या पावसाचा आकडा दर तासाला सीमेपलीकडे पोहोचविण्यास कोणत्याही सरकारला एक थेंबही सोडावा लागणार नाही; आणि तो आकडा मिळाला तर ताहिरपूरचा निर्वाही अधिकारी मशिदींच्या आणि देवळांच्या ध्वनिवर्धकांवरून सांगू शकेल की भात ऐंशी टक्के पिकले असेल तर आजच कापा.